चहारताकची दर्शनी बाजू

“पण मग दर्शनी बाजू कोणती?” मिर्झा ताजुद्दीनने पुन्हा विचारलं.

“तू उभा आहेस ती,” बाबा मेहरयार म्हणाले.

मिर्झा ज्या कमानीत उभा होता तिच्यातून तो बाहेर पडला, वळसा घालून शेजारच्या कमानीशी आला आणि तिथे उभा राहिला.

“आणि आता?”

“आता ही.”

“दोन्ही कशा असतील?”

बाबांनी मान डोलावली. दोन्ही कशा असतील, हा प्रश्न त्यांनाही पटल्यासारखा दिसला.

मिर्झाला कळेना, हा म्हातारा आपली चेष्टा करतोय की याचं डोकंच ठिकाणावर नाही…

शिराझहून समुद्राकडे जाणारी वाट डोंगर चढून जिथे खिंडीत येते, तिथे ती वास्तू उभी होती. लोक तिला चहारताक म्हणत. म्हणजे चार कमानी. चार कोपऱ्यांवर चार जाडजूड दगडी खांब, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर टाकलेल्या चार कमानी आणि त्यांच्या डोक्यावर एक घुमट. संपलं. भिंत नाही, दार नाही, उंबरठा नाही. वाऱ्याला आणि मेंढरांना चारही बाजूंनी मुभा.

ती कुणी बांधली, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, जुन्या अग्निपूजकांचं मंदिर. कुणी म्हणे, शिकारीला येणाऱ्या एखाद्या राजाचा विसावा. मेंढपाळांना विचारलं तर ते म्हणत, ती आधीपासून आहे.

बाबा मेहरयारही तिथे आधीपासूनच असावेत, असं वाटे. घुमटाखाली मधोमध एका सपाट दगडावर त्यांची चूल होती. चुलीभोवती एक सतरंजी, झोपायच्या फळ्या, काठी, लाकडी कटोरा. येणारेजाणारे पीठ ठेवून जात, मेंढपाळ चीज ठेवून जात. बाबा कुणाला काही मागत नसत आणि शिकवतही नसत. तरी लोक प्रश्न घेऊन येत.

मिर्झा ताजुद्दीन मात्र प्रश्न घेऊन आला नव्हता. तो सुभेदाराचा हुकूम घेऊन आला होता.

सुभेदार नवस बोलला होता की खिंडीत वाटसरूंसाठी नमाजाची जागा करीन. नवी मशीद बांधण्यापेक्षा उभ्या घुमटाचाच उपयोग करावा, असं कारभाऱ्यांनी सुचवलं. किब्ल्याच्या बाजूची, म्हणजे मक्केकडची कमान भिंत घालून बुजवायची, त्या भिंतीत ती दिशा दाखवणारा कोनाडा काढायचा. आजूबाजूच्या दोन कमानीही बुजवायच्या. उरलेली चौथी, ते दार. गवंडी चार दिवसांत येणार होते. कोणती कमान कोणती, तेवढं ठरवायला मिर्झाला पुढे पाठवलं होतं.

आणि या कामात त्याचा हात धरणारा साऱ्या फार्स प्रांतात कुणी नव्हता. हे तो स्वतःच सांगे.

“शिराझमधल्या एका मशिदीचा कोनाडा बोटभर कलता आहे, हे मी सिद्ध केलं,” आल्या आल्या त्याने बाबांना सांगितलं होतं. “पिढ्यान्‌पिढ्या लोक चुकीच्या दिशेला तोंड करून उभे राहत होते. तिथल्या म्हाताऱ्या इमामाला माझ्यासमोर एक शब्द बोलता आला नाही.”

“मग तो कुठे गेला?”

“कोण?”

“इमाम.”

मिर्झा थबकला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

“घरी असेल…” तो म्हणाला.

बाबांनी चुलीत काटकी सारली.

तर दुपारी सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा मिर्झाने आपली यंत्रं काढली. पितळी तबकडी, होकायंत्र, दोरी, ओळंबा. सोबत मोजायचा, अक्रोडाच्या लाकडाचा लांब गज. हा गज त्याच्या उस्तादांनी मरताना त्याच्या हातात दिलेला. त्यावरच्या खुणा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या.

त्याने घुमटाखाली बरोबर मध्यावर उभं राहून दिशा काढली. दोरी ताणली. दोरीच्या टोकाकडे पाहिलं.

दोरी कमानीत जातच नव्हती.

ती सरळ कोपऱ्यातल्या खांबावर जाऊन आदळत होती.

मिर्झाने यंत्र पुसलं. पुन्हा मोजलं. पुन्हा खांबच. कमानी होत्या पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चार दिशांना, आणि किब्ला होता नैर्ऋत्येला. म्हणजे कोपऱ्यात. या चारांतली कुठलीही कमान बुजवली तरी ती किब्ल्याची होणार नव्हती.

“दर्शनी बाजू कळली तर निदान बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळेल,” तो स्वतःशीच पुटपुटला. आणि तेव्हापासून तो बाबांच्या मागे लागला होता.

“बरं, एवढं तरी सांगा. तुम्ही कुठून आतबाहेर करता?”

“जायचं असतं तिकडून.”

“आणि येता?”

“आलेलो असतो तिकडून.”

बाहेर शीरजाद खो खो हसला. शीरजाद म्हणजे मिर्झाचा खेचरवाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, सतत बोलणारा माणूस. मिर्झा खेचरावर बसे आणि हा लगाम धरून पुढे चाले, वाटेतली प्रत्येक विहीर, प्रत्येक भांडण सांगत. मिर्झाने त्यातलं फारसं ऐकलं नव्हतं.

“मिर्झासाहेब, माझी बायकोसुद्धा असंच बोलते,” शीरजाद म्हणाला. “काय म्हणते ते मला घरी पोचेपर्यंत कळत नाही.”

“यंत्रं पडशीत भर,” मिर्झा म्हणाला. “आणि नीट भर.”

शीरजादने यंत्रं कापडात गुंडाळून पडशीत घातली आणि पडशी खेचराच्या पाठीवर बांधली. गज तेवढा मिर्झाने हातातच ठेवला. त्याला कमानींची रुंदी मोजायची होती. चारांत एखादी तरी वीतभर मोठी निघेल, अशी आशा होती.

एकही निघाली नाही.

तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं वर आलं.

वसंताच्या सुरुवातीला त्या डोंगरात असं होतं. आधी दरी भरली. मग वाट गेली, मग वाटेवरचं रानबदामाचं झाड गेलं. कुठेतरी एक दगड घरंगळला, खेचर बुजलं आणि दावं तोडून पळालं. त्याच्या गळ्यातली घंटा थोडा वेळ वाजत राहिली. मग तीही ऐकू येईना.

“येईल परत,” बाबा म्हणाले. “थंडी वाजली की येईल.”

“त्याच्या पाठीवर माझी यंत्रं आहेत,” मिर्झा म्हणाला.

“असू देत.”

“ती दमास्कसहून आणलेली आहेत. शीरजाद, जा.”

शीरजादने धुक्याकडे पाहिलं. मग मिर्झाकडे पाहिलं.

“थोडं निवळलं की जातो, मिर्झासाहेब. तिकडे कडा आहे.”

“निवळेपर्यंत ते खेचर कड्यावरून खाली गेलेलं असेल. जा.”

शीरजादने मुंडासं घट्ट केलं आणि तो गेला. चार पावलं दिसला. मग नुसता आवाज राहिला. खेचराला शिव्या घालत, मध्येच लाडाने हाका मारत तो लांब लांब गेला… आणि आवाजही राहिला नाही.

मिर्झा कमानीत उभा राहून वाट पाहू लागला.

वेळ किती गेला, ते कळायला सूर्य नव्हता. त्याने हाक मारली. घुमटाने ती उचलली आणि चारही बाजूंनी त्याच्या अंगावर टाकली. त्यात लांबून आल्यासारखी एक ‘ओ’ होती की काय, असं त्याला वाटलं. तो धावत दुसऱ्या कमानीत गेला. तिथून हाक मारली. ‘ओ’ आता पाठीमागून आल्यासारखी वाटली. तो तिसरीकडे गेला. मग बाहेर पडून खांबाला हात लावत लावत वळसा घातला. पुन्हा आत आला.

आत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कुठल्या कमानीतून आत आलो, ते आपल्याला माहीत नाही.

चारही कमानींत पांढरं धुकं. चारही खांब तसेच. घुमट तर गोलच, त्याला ना सुरुवात ना शेवट.

“बाबा, शीरजाद कुठल्या बाजूने गेला?”

“तू पाठवलंस.”

“हो, पण कुठल्या कमानीतून?”

“मी चुलीकडे बघत होतो.”

मिर्झाने डोळे मिटले. सकाळी डोंगर चढून आलो तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं? दोरी कुठल्या खांबावर आदळली होती? त्याने डोळे उघडले आणि एका खांबाकडे बोट केलं. हाच. बोट खाली येण्याआधीच शेजारचा खांब जास्त ओळखीचा वाटू लागला.

आयुष्यात पहिल्यांदा तो दिशा विसरला होता. एखाद्याला अचानक स्वतःचं नाव आठवू नये, तसं झालं.

“जाळ करायला हवा,” तो म्हणाला. “जाळ दिसला तर तो येईल.”

“आहे की,” बाबा चुलीकडे बघत म्हणाले.

“तो मध्ये आहे. शीरजाद असेल त्या बाजूच्या कमानीत जाळ हवा.”

“कुठल्या?”

चुलीतली एक जळती फांदी उचलून मिर्झा जवळच्या कमानीत घेऊन गेला. दगडावर ठेवली, वर काटक्या रचल्या. ओला वारा आला, फांदी धुमसली. तेवढ्यात त्याला वाटलं, ही कमान नव्हे. त्याने ती पलीकडच्या कमानीत नेली. नेता नेता निम्म्या काटक्या गळून विझल्या.

मग त्याला सुचलं की चारही कमानींत जाळ करावा. एकही बाजू सुटणार नाही. त्याने चुलीतले निखारे चार जागी वाटले. पळत पळत चारही ठिकाणी फुंकत बसला. एक पेटला की दुसरा विझे. तिसऱ्याकडे जावं तर पहिल्याचा नुसता धूर. धुक्यात धूर मिसळून त्याला समोरचा हातही दिसेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते धुरानेच असेल, असं तो धरून चालला.

मध्ये चुलीत राख उरली होती.

उजेड आता झपाट्याने जात होता.

बाबा उठले. एका कमानीतून दुसऱ्या कमानीत गेले. उरलेसुरले निखारे कटोऱ्यात वेचून आणले आणि मधल्या दगडावर ओतले. वाकून फुंकर घातली. मग आपली काठी गुडघ्यावर मोडली आणि त्यांवर ठेवली. कटोराही ठेवला. झोपायच्या फळ्या आणल्या, त्या एकमेकांना टेकवून उभ्या केल्या.

घुमटाखाली हवा कोरडी होती. फळ्यांनी हळूहळू पेट घेतला.

बाबांनी सतरंजीही झटकून बाजूला ठेवली, गरज लागली तर हाताशी असावी म्हणून. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जाळायला आणखी काही नव्हतं. त्यांची नजर मिर्झाच्या हातातल्या गजावर आली आणि तिथे थांबली.

“हा गज उस्तादांचा आहे,” मिर्झा म्हणाला.

“हं.”

“शिराझमध्ये असा दुसरा नाही.”

बाबांनी हात पुढे केला नाही. ते नुसते बसून राहिले.

मिर्झाने गजावरून अंगठा फिरवला. सगळ्या खुणा अंगठ्याला पाठ होत्या. बाहेर कुठेतरी पुन्हा एक दगड घरंगळला. त्याने कान दिला. दगड खाली पोचल्याचा आवाज आला नाही…

त्याने गज जाळावर ठेवला.

अक्रोडाचं जुनं, तेल पाजलेलं लाकूड. एकदम भडकलं. ज्वाळा उंच गेली, घुमटाच्या आतल्या बाजूला उजेड लागला आणि तिथून चारही कमानींतून बाहेर सांडला. धुकं पिवळं झालं.

मिर्झा जाळाशी बसला. पण त्याची मान फिरतच होती. या कमानीकडे, त्या कमानीकडे, मागे.

“कुठल्या बाजूला लक्ष ठेवू?”

“जाळाकडे ठेव.”

“तो कुठून येईल?”

“असेल तिथून.”

“आणि नाही आला तर?”

बाबांनी सतरंजी दोन्ही हातांनी फाडली आणि तिची एक पट्टी जाळावर टाकली.

मावळतीच्या नमाजाची वेळ झाली असावी. अंधारून येत होतं, एवढीच खूण. मिर्झा सवयीने उठला. उठला आणि तसाच उभा राहिला.

कुठे तोंड करायचं?

साऱ्या प्रांताला किब्ला दाखवणारा माणूस जागच्या जागी गोल फिरला. एकदा असा, एकदा तसा.

“बाबा… किब्ला कुठे?”

“तू शोधायला आला होतास.”

“दुपारी सापडला होता.”

“मग आता?”

मिर्झा पुन्हा एकदा गोल फिरला.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

हे शब्द त्याच्या तोंडून यायला इतका वेळ लागला की वेळच टळून जाते की काय, असं वाटलं. शेवटी त्याने शोधणंच सोडलं. जिथे होता तिथेच, होता त्याच बाजूला तोंड करून हात बांधले.

बाबाही उठले. जाळाच्या पलीकडे गेले आणि मिर्झाकडे तोंड करून उभे राहिले.

मिर्झा दचकला. दोघं समोरासमोर. मध्ये जाळ.

“बाबा, आपल्यातला एक जण चुकतोय.”

“निदान एक,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात बांधले.

मिर्झाने नमाज सुरू केली. कुराणातली आयत ओठांवर येत होती आणि कान बाहेर होते. घंटा वाजली का? नाही, तो जाळाचा तडतडाट. तो वाकला. शीरजादने सांगितलं होतं, तिकडे कडा आहे. तो उठला. आयत कुठपर्यंत म्हटली होती, ते त्याला आठवेना. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा जमिनीतून खुरांचा आवाज येतोय असं वाटलं आणि तो जरा जास्तच वेळ तसाच राहिला. खुरांचा आवाज नव्हता. स्वतःचंच काळीज.

शीरजाद वाटेत आपल्या बायकोबद्दल कितीतरी बोलला होता. तिचं नाव काय, ते मिर्झाला आठवत नव्हतं. गाव कुठलं, तेही नाही. काही झालंच, तर सांगायला जायचं कुठे?

नमाज कशीबशी संपली. तो बसून राहिला.

सतरंजीची शेवटची पट्टी जाळात पडली…

आणि मग पाठीमागून घंटा वाजली.

या वेळी खरीच वाजली. तिच्यामागून शिव्या आल्या. शीरजादच्या शिव्या मिर्झाला एवढ्या गोड कधी वाटल्या नव्हत्या. तो वळून उठेपर्यंत खेचराचं ओलं थोबाड जाळाच्या उजेडात आलं. त्याच्या मागे, मानेत हात अडकवून, एक पाय ओढत शीरजाद.

“तुमची यंत्रं शाबूत आहेत, मिर्झासाहेब,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

मिर्झाने पडशीकडे पाहिलंच नाही. त्याने शीरजादचे हात आपल्या हातांत धरले. ते बर्फासारखे झाले होते. तो ते चोळत राहिला. शीरजादला त्याचा फार संकोच झाला, पण त्याने हात काढून घेतले नाहीत.

“पार पलीकडे गेलो होतो,” तो सांगू लागला. “खेचर सापडलं, वाट हरवली. एके जागी एक पाय पुढे टाकला तर खाली काहीच नाही. बसूनच घेतलं. म्हटलं, आता सकाळपर्यंत इथंच. सकाळपर्यंत गारठून जाणार, हे कळत होतं. तेवढ्यात तुम्ही जाळ केलात.”

“दिसला तुला?”

“दिसला? अगदी समोर. उजेडाची कमान. घरचं दार उघडून कुणी उभं असावं, तशी. मग काय, नाकासमोर चालत आलो.”

“कुठल्या बाजूने आलास?”

“समोरून.”

“समोरून म्हणजे?”

“समोरून म्हणजे समोरून, मिर्झासाहेब. दर्शनी बाजूने.” शीरजाद थांबला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. “मी कुठं होतो, हे तुम्हाला बरं कळलं. नेमका माझ्याच बाजूला जाळ केलात.”

मिर्झाने बाबांकडे पाहिलं. बाबा खेचराच्या कपाळावरचं दव हाताने पुसत होते.

रात्री तिघं खेचराला टेकून झोपले.

सकाळी धुकं असं गेलं की जणू कधी नव्हतंच. दरी स्वच्छ, रानबदामाचं झाड जागेवर, कडा जागेवर. दिवसाच्या उजेडात मिर्झा कड्यापर्यंत जाऊन आला.

मग त्याने यंत्रं काढली. सवयीने नव्हे. सुभेदाराला काहीतरी सांगावं लागणार होतं. दिशा पुन्हा काढली आणि किब्ला पुन्हा त्याच खांबावर गेला. यंत्रं बरोबर होती. कालही बरोबरच होती.

“कुठल्या तीन बुजवायच्या, मिर्झासाहेब?” शीरजादने विचारलं. त्याचा पाय सुजला होता, तरी तो उभा होता. “खूण करायला कोळसा देऊ?”

मिर्झा एकेका कमानीपाशी जाऊन उभा राहिला. प्रत्येकीतून एक वेगळाच डोंगर दिसत होता.

“कुठलीच नाही,” तो म्हणाला.

“सुभेदार रागावतील.”

“रागावतील.”

“तुमचं काम काढून घेतील.”

“घेतील कदाचित. मला माहीत नाही.”

चहारताकच्या बाहेर, वाटेला लागून जरा सपाट जमीन होती. मिर्झा तिथे गेला. दिशा काढून त्याने जमिनीवर एक मोठा धोंडा ठेवला. मग दुसरा. शीरजाद लंगडत आला आणि ढकलायला लागला. उन्हं वर येईपर्यंत दगडांची एक ओळ झाली, जागेच्या उरलेल्या तीन बाजू मोकळ्या. ओळीच्या मध्यात एक उंच दगड, किब्ल्याच्या रोखाने. वाटसरूंना उभं राहायला पुरेशी जागा. गवंडी आले तर इथे चौथरा बांधतील. नाही आले तरी दगड आहेत.

बाबा कमानीत बसून पाहत होते. त्यांनी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही.

निघायची वेळ झाली. मिर्झाने शीरजादला खेचरावर बसायला सांगितलं. शीरजादने नको नको म्हटलं. वरती बसलेला खेचरवाला आणि लगाम धरून चालणारा मिर्झा, हे लोक पाहतील तर काय म्हणतील? मिर्झाने त्याला धरून वर चढवलं.

दहावीस पावलं गेल्यावर तो थांबला. लगाम शीरजादच्या हातात दिला आणि एकटाच परत आला.

बाबा थंड झालेली राख बाजूला सारत होते.

“बाबा, एक राहिलं.”

“हं.”

“काल संध्याकाळची माझी नमाज…” तो अडखळला. “मी दिशा शोधलीच नाही. नुसता उभा राहिलो. चुकीच्या बाजूला उभा असेन तर मला ती पुन्हा पढायला हवी. शीरजादला विचारलं, तू कुठून आलास. तो आधी एक कमान दाखवतो, मग दुसरी. मला एवढंच आठवतं की तो माझ्या पाठीमागून आला.”

“हो. पाठीमागूनच आला.”

“तुम्ही माझ्या समोर उभे होतात. तुम्ही पाहिलंत. सांगा, माझं तोंड कुणीकडे होतं?”

बाबांनी राखेतून हात काढला. समोर पाहिलं. मग मागे, मग दोन्ही बाजूंना. आठवून सांगावं, तसं…

“शीरजादकडे.”